लॉर्ड हॅरिस : मैदानावरचा कप्तान आणि मुंबईचा गव्हर्नर

मित्रहो, मुंबईच्या शाळांमध्ये क्रिकेटची एक जुनी ढाल आहे. तिचे नाव हॅरिस शील्ड. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ती सुरू झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची मुले तिच्यासाठी खेळत आली. १९८८ च्या फेब्रुवारीत याच स्पर्धेत शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन पोरांनी नाबाद ६६४ धावांची भागी केली, ही गोष्ट आपणांपैकी बहुतेकांना तोंडपाठ असेल. पण ज्याच्या नावाची ही ढाल, तो हॅरिस कोण, असे विचारले तर वर्गात किती हात वर होतील? फार नाही होणार. म्हणून आज त्याच माणसाची हकीकत आपल्यापुढे मांडायची आहे.

गोष्ट इंग्लंडची आहे आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळची आहे. पण तिचा एक पदर आपल्या मुंबई-पुण्याला येऊन लागतो. म्हणून ती नुसती खेळाची गोष्ट राहत नाही.

या माणसाचे पूर्ण नाव जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस. जन्म ३ फेब्रुवारी १८५१ चा. तो इंग्लंडात जन्मला नाही. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर जन्मला, कारण त्याचे वडील तेव्हा तिथले गव्हर्नर होते. पुढे वडिलांची बदली मद्रासला झाली, आणि १८५७ च्या धामधुमीत मद्रास इलाख्याची सूत्रे त्यांच्याच हाती होती. त्याच्याही मागे गेलात तर पणजोबा निघतात जनरल हॅरिस. १७९९ साली श्रीरंगपट्टणला टिपू सुलतान पडला, तेव्हा इंग्रजी फौजेचे सेनापती हेच होते. हिंदुस्थानातल्या मोहिमांत त्यांच्या वाट्याला जो पैसा आला, त्यातून त्यांनी इंग्लंडच्या केंट परगण्यात बेलमाँट नावाची जहागीर विकत घेतली, आणि पुढे त्यांना जी सरदारकी मिळाली तिच्या किताबातही श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर ही नावे गोवलेली होती. म्हणजे पाहा, केंटच्या हिरव्या रानात जो मुलगा वाढला, त्याच्या घराच्या पायात आपल्याकडचीच माती होती!

मुलगा ईटनच्या शाळेत शिकला, मग ऑक्सफर्डला गेला. १८७२ साली वडील वारले आणि एकविसाव्या वर्षीच तो चौथा लॉर्ड हॅरिस झाला. अभ्यासात त्याचे फार नाव झाले नाही. पण हातात बॅट आली की गडी वेगळाच होई. ईटनच्या संघात, ऑक्सफर्डच्या संघात आणि मग केंट परगण्याच्या संघात तो खेळू लागला. १८७५ ते १८८९ अशी पंधरा वर्षे केंटचे कप्तानपद त्याने सांभाळले. त्या काळच्या खेळपट्ट्या म्हणजे आजच्यासारख्या सारवलेल्या अंगणासारख्या नव्हेत. खडबडीत, उंचसखल, चेंडू कधी घोट्याशी येई तर कधी नाकाशी. अशा खेळपट्ट्यांवर त्याने प्रथम दर्जाच्या सामन्यांत एकूण ९,९९० धावा काढल्या आणि अकरा शतके झळकावली. दहा हजाराला फक्त दहा कमी!

पण हॅरिसचे नाव राहिले ते धावांमुळे नव्हे. ते राहिले कप्तान म्हणून. आणि कप्तान म्हणून त्याची पहिली खरी परीक्षा झाली ती घरापासून हजारो कोसांवर, ऑस्ट्रेलियात.

१८७८ च्या हिवाळ्यात तो एक संघ घेऊन आगबोटीने ऑस्ट्रेलियाला गेला. त्या संघाची घडण समजून घेण्यासारखी आहे. इंग्लंडात तेव्हा खेळाडूंच्या दोन जाती होत्या म्हणा ना. एक ‘जंटलमन’, म्हणजे घरचा खाऊन हौसेने खेळणारा. आणि दुसरा ‘प्लेअर’, म्हणजे मजुरी घेऊन खेळणारा. दोघे एकाच संघात खेळत, एकाच कप्तानाच्या हुकमात राहत. पण मैदानात उतरण्याचे दार वेगळे, कपडे बदलायची खोली वेगळी. कप्तानपद जायचे ते बहुतेक जंटलमनकडेच. ही शिवाशीव इंग्लंडात चांगली १९६२ पर्यंत टिकली. हॅरिसच्या संघात बहुतेक सगळे जंटलमन होते. मजुरीवर खेळणारे दोघेच, यॉर्कशरचे जॉर्ज यूलियट आणि टॉम एमेट.

१८७९ च्या जानेवारीत मेलबर्नला कसोटी सामना झाला. त्यात ऑस्ट्रेलियाच्या स्पॉफर्थने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. कसोटी सामन्यांतली ही पहिली हॅटट्रिक. दोन डावांत मिळून त्याने तेरा बळी घेतले आणि इंग्लंडचा दहा गडी राखून पराभव झाला. हॅरिसने हार पत्करली आणि संघ पुढे सिडनीला गेला.

सिडनीला न्यू साउथ वेल्सशी सामना. ८ फेब्रुवारी १८७९, शनिवारचा दिवस. मैदानावर दहा हजारांच्या आसपास माणूस जमलेले. इंग्लंडने पहिल्या डावात २६७ धावा केल्या होत्या. सिडनीकरांचा डाव १७७ मध्ये आटोपला, आणि त्यातल्या ८२ धावा एकट्या बिली मर्डॉकच्या होत्या, तोही नाबाद. हा मर्डॉक म्हणजे सिडनीच्या लोकांचा जीव की प्राण. सिडनीकर लगेच दुसऱ्या डावाला उतरले, आणि मर्डॉक दहा धावांवर असताना पंचाने त्याला धावचीत दिले.

आता हा पंच कोण? जॉर्ज कोल्टहार्ड. वय अवघे बावीस-तेवीस, आणि मुख्य म्हणजे गाव मेलबर्न. सिडनी आणि मेलबर्न यांचे वैर तुम्ही आपल्याकडल्या कुठल्याही दोन शेजारी गावांच्या कुस्तीच्या फडावरून ओळखावे. त्यातून हा पंच पाहुण्यांनीच आपल्याबरोबर आणलेला. शिवाय मैदानात पैजा लावणारेही होतेच, आणि कित्येकांचे पैसे मर्डॉकच्या बॅटवर लागलेले. मग काय विचारता! आधी ओरडा झाला, मग कुंपण ओलांडले गेले आणि बघता बघता दोन हजार माणूस मैदानात घुसले.

पंचाच्या अंगावर लोक धावून जात आहेत असे पाहून हॅरिस मधे पडला. त्या गर्दीत कोणीतरी त्याच्यावर काठी चालवली. त्याचा सहकारी हॉर्नबी हा मोठा ताकदीचा गडी. त्याने त्या माणसाला धरले आणि स्वतःचा सदरा फाटला तरी न सोडता ओढत नेऊन पॅव्हेलियनमध्ये हजर केले. यूलियट आणि एमेट यांनी तर यष्टीच उपटून हातात घेतल्या.

सिडनीचा कप्तान डेव्ह ग्रेगरी म्हणाला, “पंच बदला, तर खेळू.” हॅरिसने आपल्या खेळाडूंना विचारले. ज्यांनी जवळून पाहिले होते ते म्हणाले, निकाल बरोबर होता. हॅरिस म्हणाला, “मग पंच बदलणार नाही.” गर्दी हटली, पुन्हा आली. परत हटली, परत आली. हॅरिस दीड तास त्या कोलाहलात मैदानावर उभा राहिला. मैदान सोडले तर सामना सोडला असा अर्थ होईल, हे त्याला ठाऊक होते. दिवसाचा खेळ संपायची वेळ झाली तेव्हाच तो आत गेला. सोमवारी खेळ पुन्हा सुरू झाला, सिडनीचा डाव ४९ धावांत गडगडला आणि इंग्लंडने एक डाव आणि ४१ धावांनी सामना जिंकला. त्या सामन्यातला दुसरा पंच होता एडमंड बार्टन नावाचा एक तरुण वकील. तोच पुढे १९०१ साली ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला.

मित्रहो, इथे क्षणभर थांबा. हॅरिसच्या जागी आपण असतो तर काय केले असते? “जाऊ द्या हो, एका माणसापायी दंगा कशाला,” असे म्हणून पंच बदलण्याचा मोह कोणालाही झाला असता. त्याने तो टाळला. पंच तरुण होता, परका होता, एकटा होता. पण एकदा पंच म्हणून उभा केला की तो आपला, त्याच्या मागे उभे राहायचे, ही त्याची रीत. कप्तानाच्या अंगी असावा असा हा गुण आहे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. हॅरिसच्या मनाला तो प्रसंग फार लागला. सिडनीला ठरलेला पुढचा मोठा सामना त्याने रद्द केला. दीड वर्षाने, १८८० मध्ये, ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडात आला, तेव्हा त्या संघाशी खेळायला कोणी धड तयार होईना. पाहुणे गावोगाव सामने शोधत फिरत होते. शेवटी लंडनच्या सरे क्लबचे चिटणीस चार्ल्स अल्कॉक यांनी खटपट केली आणि ते हॅरिसकडे गेले. ज्याच्या अंगावर काठी पडली होती, त्यानेच हो म्हटले तर बाकीचे म्हणणार! आणि हॅरिसने हो म्हटले. ६ सप्टेंबर १८८० रोजी ओव्हल मैदानावर सामना सुरू झाला. इंग्लंडच्या भूमीवरचा हा पहिला कसोटी सामना. इंग्लंडकडून डॉक्टर ग्रेस यांनी १५२ धावा केल्या, कप्तान हॅरिसने ५२ केल्या. आणि पलीकडून नाबाद १५३ कोणी केल्या म्हणता? सिडनीला ज्याच्यावरून दंगल झाली, त्याच बिली मर्डॉकने! तोच आता ऑस्ट्रेलियाचा कप्तान होता. इंग्लंडने पाच गडी राखून सामना जिंकला. कसोटी क्रिकेटचे जे झाड आज एवढे वाढले आहे, ते इंग्लंडात रुजले ते या एका माणसाने मनातला राग गिळला म्हणून, असे म्हणायला हरकत नाही.

एकूण चार कसोटी सामन्यांत हॅरिस कप्तान होता. त्यांतले दोन जिंकले, एक हरला, एक अनिर्णित राहिला.

त्याच्या नियमनिष्ठेचे आणखी एक उदाहरण सांगतो. चेंडू टाकताना कोपरातून हिसका देऊन दगडासारखा फेकायचा नाही, हा नियम जुनाच. पण त्या काळी काही गोलंदाज सर्रास फेकत, विशेषतः लँकशर परगण्याचा क्रॉसलंड. पंच काही बोलत नसत. का बोलत नसत? कारण पंच म्हणजे बहुधा जुने मजुरीचे खेळाडू. मोठ्या क्लबांच्या मर्जीवर त्यांची भाकरी. ज्याच्या पंक्तीला जेवायचे, त्याच्या ताटात खडा कोण टाकणार? हॅरिसने ही अडचण ओळखली आणि ओझे पंचावर न टाकता स्वतःवर घेतले. १८८५ मध्ये केंटने लँकशरशी ठरलेला परतीचा सामना खेळायला सरळ नकार दिला. फेकणारा गोलंदाज खेळवाल तर आम्ही येत नाही! त्यावर पुष्कळ गदारोळ झाला, पण त्यानंतर फेकीला आळा बसू लागला.

येथवर ऐकून आपण म्हणाल, माणूस मोठा सरळ आणि न्यायी दिसतो. मैदानावर तो तसा होताच. आता त्याला आपल्या अंगणात आणून पाहू.

१८९० च्या एप्रिलमध्ये लॉर्ड हॅरिस मुंबईचे गव्हर्नर म्हणून दाखल झाले आणि १८९५ च्या फेब्रुवारीपर्यंत राहिले. तेव्हाचा मुंबई इलाखा म्हणजे सिंधपासून कारवारपर्यंतचा अफाट मुलूख. कोट्यवधी लोकांचे सुखदुःख त्यांच्या सहीवर अवलंबून. गव्हर्नरसाहेबांचा मुक्काम ऋतूप्रमाणे हले. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुण्याचे गणेशखिंड. आज जिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, तोच त्यांचा बंगला. तिथे साहेब लोकांचे क्रिकेट रंगू लागले.

पण हॅरिससाहेबांनी क्रिकेट हिंदुस्थानात आणले, अशी जी समजूत कधी कधी ऐकू येते, ती खरी नव्हे. मुंबईच्या पारशी मुलांनी १८४८ सालीच ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता. १८८६ आणि १८८८ साली पारशी संघ स्वतःच्या खर्चाने विलायतेला जाऊन आले. आणि हॅरिससाहेब मुंबईच्या धक्क्यावर उतरण्यापूर्वी दोन-अडीच महिने, म्हणजे १८९० च्या जानेवारीअखेर, पारशांनी इंग्लंडहून आलेल्या व्हर्ननच्या संघाला मुंबईत चार गडी राखून हरवले होते. त्या सामन्यात डॉक्टर मेहेल्लाशा पावरी यांची गोलंदाजी गाजली. तेव्हा रोप आधीच लावलेले होते. हॅरिससाहेबांनी त्याला पाणी घातले, हे मात्र खरे. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे प्रेसिडेन्सी सामने मुंबईत आणि पुण्यात होऊ लागले. हिंदुस्थानातल्या प्रथम दर्जाच्या क्रिकेटची सुरुवात या सामन्यांपासून धरतात. त्याच वर्षाच्या अखेरीस लॉर्ड हॉक यांचा संघ विलायतेहून आला, त्यालाही पारशांनी एकदा पाणी पाजले.

मग मैदानांचा प्रश्न आला. मुंबईच्या समुद्रकिनारी, केनेडी सी-फेस म्हणत त्या भागात, पारशांना जिमखान्यासाठी जागा मिळालेली होती. ते पाहून मुसलमानांनी मागणी केली, हिंदूंनीही केली. हॅरिससाहेबांनी दोघांना जागा दिली. हिंदू जिमखान्याचे उद्घाटन ५ मे १८९४ रोजी त्यांच्याच हस्ते झाले. आजही तुम्ही चर्चगेटहून चर्नी रोडकडे जाल तर ते जिमखाने ओळीने उभे दिसतील. जागा देताना त्यांचा हिशेब असा होता, की प्रत्येक जमातीला एकेक मैदान द्यावे आणि मग पुढे कोणी मागायला आले, तर सांगावे, तुमच्या जमातीचे मैदान आहे, तिथे जाऊन खेळा.

वरवर पाहता यात अन्याय कुठे आहे? सगळ्यांना सारखे वाटप झाले! पण जरा खोल पाहा. मैदान दिले ते गावाला नाही, पेठेला नाही, शाळेला नाही. ते दिले धर्माला. मग संघही धर्माचे झाले. १९०७ मध्ये हिंदू त्या सामन्यांत आले, १९१२ मध्ये मुसलमान आले, १९३७ मध्ये उरलेल्यांचा पाचवा संघ आला. या पंचरंगी सामन्यांना तोबा गर्दी होई, खेळही उत्तम होई. पण खेळाडू कोणत्या गावचा हे न विचारता कोणत्या धर्माचा हे विचारले जाऊ लागले. देशातल्या जाणत्या लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, गांधीजींनीही ही रीत नापसंत केली, आणि अखेर १९४६ मध्ये ते सामने बंद पडले. हे सगळे पाप एकट्या हॅरिससाहेबांच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. जमातीजमातीचे क्लब त्यांच्या आधीपासून होते, आणि आपल्या लोकांनीही वेगळी मैदानेच मागितली होती. पण सगळ्यांना एकत्र खेळवण्याची सत्ता ज्याच्या हाती होती, त्याने वेगळे खेळवणे पसंत केले, एवढे म्हणावेच लागते.

आणि राज्यकारभार? ११ ऑगस्ट १८९३ रोजी, शुक्रवारी, मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा उसळला. गिरणगावापर्यंत वणवा पसरला, लष्कर बोलवावे लागले, कित्येक माणसे प्राणास मुकली. गव्हर्नरसाहेब तेव्हा पुण्याला, गणेशखिंडीत. ते मुंबईला आले ते नवव्या दिवशी. आणि तेही क्रिकेटच्या सामन्याच्या निमित्ताने आले, असा आरोप त्यांच्यावर कायमचा चिकटून राहिला. सिडनीला एका पंचासाठी दीड तास जमावात उभा राहिलेला हाच तो कप्तान! आपले शहर जळत असताना तो मैदानात उशिरा उतरला. टिळकांनी ‘केसरी’तून सरकारवर कडाडून टीका केली, आणि त्याच वातावरणात पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहेच.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही सगळी हकीकत सांगायला घेतली, ती ऐका.

हॅरिससाहेब गणेशखिंडीत असताना, पुण्यातच, युरोपियनांच्या पूना जिमखान्यावर एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कामाला होता. नाव पाळवणकर बाळू. चर्मकार समाजातला. वडील पलटणीत चाकरीला. आधी तो पारशांच्या एका क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडायचा आणि रूळ फिरवायचा. १८९२ च्या सुमारास साहेबांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर आला. जाळे बांधायचे, रूळ फिरवायचा, रेघा आखायच्या. आणि साहेब लोक सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. डाव्या हाताने तो असा काही फिरकी चेंडू टाकी, की ग्रेगसारखा नाणावलेला फलंदाज त्याच्याकडून तासन्‌तास सराव करून घेई. पण बॅट मात्र त्याच्या हातात कोणी देत नसे.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांशी सामना जिंकायचा होता, तेव्हा बाळूची आठवण झाली. मैदानात सगळे त्याच्याबरोबर खेळत. चेंडू त्यानेही हाताळायचा, त्यांनीही हाताळायचा. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून कपबशीने चहा पीत, आणि बाळूला बाहेर, वेगळा, मातीच्या भांड्यात. साहेबांनी दार लावले ते कातडीचा रंग पाहून आणि आपण लावले ते जात पाहून. दोष एकट्या साहेबाचा नव्हता, हे आपण मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे.

तरी तो गडी मागे हटला नाही. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांचा संघ विलायतेला गेला. तो पुष्कळ सामने हरला, पण बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले. त्यांना कप्तानपद मात्र कधी मिळाले नाही. ते मिळाले त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली, आणि त्या वर्षी हिंदू संघ जिंकला.

हॅरिससाहेब इंग्लंडला परत गेल्यावरही क्रिकेटचे मोठे कारभारी राहिले. लॉर्ड्सच्या एम. सी. सी. क्लबाचे ते १८९५ मध्ये अध्यक्ष झाले आणि १९१६ पासून अखेरपर्यंत खजिनदार होते. त्यांचा शब्द तिथे कायद्यासारखा चाले. १८९६ साली रणजितसिंहजी इंग्लंडात धावांचा पाऊस पाडत होते, तरी लॉर्ड्सच्या कसोटीत त्यांना घेतले नाही. मँचेस्टरवाल्यांनी घेतले, आणि रणजींनी ६२ आणि नाबाद १५४ धावा करून उत्तर दिले. १९२२ साली वॉली हॅमंड नावाचा एक तरुण खेळाडू ग्लॉस्टरशरकडून खेळत होता, तेव्हा हॅरिससाहेबांनी नियमावर बोट ठेवले : हा पोर डोव्हर गावी जन्मला, म्हणजे केंटचा, तिकडे कसा खेळतो? झाले, पोराचा तो हंगाम वाया गेला. पुढे हाच हॅमंड जगातला एक थोर फलंदाज ठरला. आणि गंमत पाहा, जन्मगावाचा नियम एवढा कडक धरणारा हा गृहस्थ स्वतः त्रिनिदादला जन्मलेला!

१९३१ साली ऐंशी वर्षे पूर्ण झाली तेव्हा त्यांनी मुलांना उद्देशून वर्तमानपत्रात एक पत्र लिहिले. सचोटीने आणि उदार मनाने खेळणे हाच नीतीचा धडा आहे, आणि तो शिकण्याचा वर्ग म्हणजे मोकळी हवा आणि ऊन, असा त्याचा आशय. बोल सोन्यासारखे आहेत. ते त्यांनी मनापासून लिहिले, याबद्दलही मला शंका नाही.

२४ मार्च १९३२ रोजी केंटच्या त्या बेलमाँट वाड्यात हॅरिससाहेब वारले. त्यानंतर तीन महिन्यांनी, २५ जून १९३२ रोजी, त्यांच्याच लॉर्ड्स मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. भारताचे कप्तान होते नागपूरचे सी. के. नायडू. पहिल्याच सकाळी इंग्लंडचे तीन गडी १९ धावांत परतले. इंग्लंडचा कप्तान होता डग्लस जार्डिन, आणि तो जन्मला होता मुंबईला! सामना आपण हरलो, १५८ धावांनी. पण त्या संघात हिंदू, मुसलमान, पारशी, शीख असे सगळे एकाच टोपीखाली खेळले. हॅरिससाहेबांनी वेगवेगळी आखून दिलेली मैदाने त्या दिवशी एका मैदानात मिसळली.

मग या माणसाला आपण काय म्हणावे? मला वाटते, त्याला ढोंगी म्हणणे अन्यायाचे होईल. नियमाला तो प्राणापलीकडे जपत होता. रेघेच्या आत जे आले, त्यांना त्याने सारखे वागवले. पण रेघ आखली कोणी, आणि तिच्या बाहेर कोण राहिले, हा प्रश्न त्याने स्वतःला फारसा विचारला नाही. गणेशखिंडीच्या बंगल्यापासून पूना जिमखाना काही कोसच. तिथे एक मुलगा रूळ ओढत होता. त्याच्याही हातात बॅट द्यावी, असे त्या काळी ना कप्तानाला सुचले, ना आपल्या लोकांना.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणून एक विनंती. उद्या शाळेचा संघ निवडाल तेव्हा मुलांना हॅरिसची सिडनीची गोष्ट जरूर सांगा. पंचाचा निकाल मानायचा, मार खाल्ला तरी मैदान सोडायचे नाही, आणि दीड वर्षाने त्याच माणसांशी हात मिळवायचा, हे त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे. पण त्या गोष्टीबरोबर बाळूची गोष्टही सांगा. आणि मग मैदानाच्या कडेला एकदा नजर टाका. खडे वेचणारा, पाणी आणून देणारा, झाडीत गेलेला चेंडू शोधून आणणारा एखादा पोरगा, एखादी पोरगी तिथे असेलच. त्या दिवशी पहिला चेंडू त्याच्या, नाहीतर तिच्या हातात द्या. मग बघा काय होते ते.